पिशवी शाबूत तर भिंग शाबूत: कोकणात नव्याने मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया करणाऱ्यांसाठी

पदव्युत्तर शिक्षण पूर्ण करून रत्नागिरी, सिंधुदुर्ग किंवा रायगड जिल्ह्यातील एखाद्या तालुक्याच्या गावी शस्त्रक्रिया सुरू करणाऱ्या नेत्रतज्ज्ञाच्या एक गोष्ट लवकरच लक्षात येते: येथील रुग्ण मोतीबिंदू ‘पिकल्यावर’ येतो. आधी आंबा-काजूचा हंगाम, मग भाताची लावणी, मग गणपती, आणि हे सारे उरकल्यावर मुलगा मुंबईहून येईल तेव्हा डोळा दाखवायचा, अशा हिशेबात दोन-तीन वर्षे सहज निघून जातात. त्यामुळे टेबलावर येणारा मोतीबिंदू बहुधा दुधासारखा पांढरा तरी असतो किंवा चिंचोक्यासारखा तपकिरी आणि कठीण तरी. अशा डोळ्यात कृत्रिम भिंग बसवताना प्रत्येक टप्प्यावर स्वतःला एकच प्रश्न विचारावा, की आपण आता जे करीत आहोत त्याने भिंगाच्या पिशवीचे, म्हणजे ज्या पातळ आवरणात नवे भिंग बसवायचे त्याचे, काय होईल? पिशवीचा मागचा पडदा मध्यभागी जेमतेम चार मायक्रॉन जाडीचा असतो, आणि भिंगाचे पुढचे सारे आयुष्य त्याच्यावर अवलंबून असते.

सुरुवात मोजमापापासून करावी. हॅरल्ड रिडली यांनी २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात पहिले कृत्रिम भिंग बसवले. ते डोळ्याने स्वीकारले खरे, पण रुग्णाला मोठा उणे नंबर आला. आज तशी चूक होण्याचे कारण नाही, तरीही डोळ्याच्या लांबीत एक मिलिमीटरची गफलत झाली तर भिंगाच्या नंबरात सुमारे अडीच डायॉप्टरचा (नंबर मोजण्याचे एकक) फरक पडतो. पांढऱ्या मोतीबिंदूतून प्रकाशकिरणांवर चालणारे यंत्र लांबी मोजू शकत नाही, म्हणून ए-स्कॅन, म्हणजे ध्वनिलहरींनी लांबीची मोजणी, करावा लागतो. तो करताना प्रोब कॉर्नियावर (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावर) दाबला गेला तर लांबी खोटी कमी येते, यासाठी पाण्याच्या कपातून मोजणे अधिक भरवशाचे. दोन्ही डोळे मोजावेत, आणि त्यांत ०.३ मिलिमीटरहून अधिक फरक आला तर पुन्हा मोजावे. किनाऱ्यावर आणखी एक अडचण नेहमी भेटते. वर्षानुवर्षे ऊन, वारा आणि पाण्यावरची तिरीप सोसलेल्या मच्छीमारांच्या डोळ्यात मांस वाढलेले असते, आणि ते कॉर्नियावर बरेच आत सरकले असेल तर कॉर्नियाची वक्रता बदलते. अशा वेळी आधी मांस काढावे, कॉर्निया स्थिर होईपर्यंत दोन-तीन महिने थांबावे आणि मगच भिंगाचा नंबर ठरवावा. रुग्णाला दोनदा यायला सांगणे जड जाते हे मान्य, पण एकाच बैठकीत दोन्ही उरकण्याच्या मोहाने चुकीच्या नंबराचे भिंग बसते. लघवीच्या त्रासासाठी टॅमसुलोसिन चालू आहे का, हे प्रत्येक वयस्क पुरुषाला विचारावे. त्या औषधाने आयरिस, म्हणजे बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा, ढिली पडते आणि बाहुली ऐन वेळी आकसते.

फेको (अल्ट्रासाउंडने मोतीबिंदू फोडून ओढून घेण्याची पद्धत) की लहान छेदाची हाताने करायची शस्त्रक्रिया, हा प्रतिष्ठेचा प्रश्न करू नये. मऊ आणि मध्यम मोतीबिंदूला २.२ ते २.८ मिलिमीटर छेदातून फेको आणि घडीचे भिंग उत्तमच. परंतु तपकिरी, दगडासारख्या मोतीबिंदूवर अल्ट्रासाउंडचा मारा करून कॉर्नियाच्या आतल्या पेशी गमावण्यापेक्षा श्वेतपटलातून (डोळ्याच्या पांढऱ्या आवरणातून) सहा ते सात मिलिमीटरचा बोगदा करून मोतीबिंदूचा कठीण गाभा अखंड बाहेर काढणे आणि पीएमएमए या प्लास्टिकचे कडक भिंग बसवणे अधिक शहाणपणाचे असते. बोगद्याचे आतले तोंड बाहेरच्यापेक्षा रुंद ठेवून ते स्वच्छ कॉर्नियात एक ते दीड मिलिमीटर पुढे नेले, तर टाका न घालताही जखम बंद राहते. शिवाय या पद्धतीला फेकोचे यंत्र लागत नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली, मंडणगड, श्रीवर्धन या भागांत अनेक दिवस वीज नव्हती, ही गोष्ट यंत्राच्या हप्त्यांचा विचार करताना आठवावी.

शस्त्रक्रियेपूर्वी पाच टक्के पोव्हिडोन आयोडीनचे थेंब डोळ्यात घालून पूर्ण तीन मिनिटे थांबावे. पांढऱ्या मोतीबिंदूत ट्रायपॅन ब्लू या निळ्या रंगाने पिशवीचा पुढचा पडदा रंगवल्याखेरीज रेक्सिसला, म्हणजे त्या पडद्यात गोल छिद्र करण्याला, हात घालू नये. गाभा फुगलेला असेल तर आतल्या दाबाने पडदा एका झटक्यात कडेपर्यंत फाटतो. म्हणून पुढचा कप्पा (कॉर्निया आणि आयरिस यांच्यामधली जागा) व्हिस्को या दाट जेलने घट्ट भरावा, बारीक सुईने पडद्याला छिद्र पाडून पातळ झालेला द्रव ओढून घ्यावा आणि आधी लहान रेक्सिस करून मग तो वाढवावा. घडीच्या भिंगासाठी रेक्सिस सुमारे पाच मिलिमीटरचा, म्हणजे सहा मिलिमीटरच्या ऑप्टिकची (भिंगाच्या मधल्या गोल भागाची) कड सर्व बाजूंनी झाकणारा असावा. अखंड गाभा बाहेर काढायचा असेल तर मात्र तो मोठाच ठेवावा. लहान छिद्रातून मोठा गाभा ढकलला की पिशवीला धरून ठेवणारे धागे तुटतात. पडद्याच्या मागच्या ध्रुवाला चिकटलेला मोतीबिंदू दिसला, तर पडद्याखाली पाणी सोडून तो सुटा करण्याचा प्रयत्न करू नये.

भिंग आत सोडण्यापूर्वी पिशवी व्हिस्कोने पुन्हा फुगवावी. इंजेक्टरचे टोक छेदात ठेवून पुढचा हॅप्टिक (भिंगाला जागेवर धरणारा हात) रेक्सिसच्या कडेखाली जातो आहे हे डोळ्याने पाहावे. तो आत गेल्याखेरीज दांडा पुढे ढकलू नये. मागचा हॅप्टिक सिन्स्की हुकने हलकेच फिरवून आत न्यावा. त्यानंतर भिंगाच्या मागे अडकलेला व्हिस्को काढणे नवशिक्यांकडून हमखास राहते, आणि दुसऱ्या दिवशी डोळ्याचा दाब वाढलेला मिळतो. टोरिक (सिलिंड्रिकल नंबर घालवणाऱ्या) भिंगासाठी खुणा रुग्ण बसलेला असतानाच कराव्यात, कारण आडवे होताच डोळा किंचित फिरतो. आणि भिंगाचा अक्ष एक अंश चुकला की सुमारे तीन टक्के परिणाम वाया जातो.

आता पिशवी फाटली तर काय? प्रत्येकाच्या हातून ती कधी ना कधी फाटते, माझ्याही हातून फाटली आहे. कप्पा अचानक खोल झाला किंवा गाभ्याचा तुकडा हाताला येईनासा झाला, की पाय पेडलवरून काढण्याची घाई करू नये आणि हँडपीस मुळीच ओढून काढू नये. कप्पा कोसळला की व्हिट्रियस, म्हणजे डोळ्याच्या मागच्या भागातला जेलीसारखा पदार्थ, पुढे धावतो आणि फाटलेली जागा मोठी होते. आधी बाजूच्या छेदातून व्हिस्को भरावा, मग हँडपीस काढावा. ट्रायअम्सिनोलोन या पांढऱ्या औषधाने व्हिट्रियस दिसू लागतो. तो कमी प्रवाहात, जलद कटरने, दोन वेगळ्या छेदांतून कापावा. स्पंजाने ओढणे म्हणजे नेत्रपटल ओढणे. पुढच्या पडद्याची कड शाबूत असेल तर तीन भागांचे भिंग पडद्यापुढच्या खाचेत ठेवता येते. ते पुढे सरकलेले असल्यामुळे मध्यम शक्तीच्या भिंगात सुमारे एक डायॉप्टर कमी करावा. ऑप्टिक रेक्सिसमधून मागे अडकवता आले तर ही वजावट लागत नाही. एकसंध ॲक्रिलिक भिंग मात्र खाचेत कधीही ठेवू नये. त्याचे जाड हॅप्टिक आयरिसला घासतात आणि रंगद्रव्य, रक्तस्राव, वाढलेला दाब असा त्रास मागे लागतो. म्हणूनच तीन भागांचे एक भिंग कपाटात नेहमी हजर असावे.

कडही उरली नसेल तर मार्ग तीन आहेत: आयरिसच्या मागे चिमट्यासारखे अडकणारे भिंग, चेन्नईच्या अमर अगरवाल यांनी २००७ मध्ये मांडलेली, हॅप्टिक श्वेतपटलाच्या पदराखाली फायब्रिन गोंदाने बसवण्याची पद्धत, आणि जपानच्या शिन यामाने यांची, बारीक सुईतून हॅप्टिक बाहेर काढून त्याचे टोक उष्णतेने फुगवण्याची पद्धत. यांतली कोणतीही पहिल्यांदा, घामाघूम होऊन, रुग्ण टेबलावर असताना करून पाहू नये. डोळा स्वच्छ करून भिंगाविना बंद करावा, नातेवाइकांना झालेले स्पष्ट सांगावे आणि काही आठवड्यांनी सावकाश दुसरी शस्त्रक्रिया करावी किंवा ज्याचा हात त्यात बसला आहे त्याच्याकडे पाठवावे.

घरी जाताना सूचना येथल्या दिनक्रमाला धरून द्याव्यात. चार आठवडे शेतातल्या चिखलात उतरू नये, खाडीत किंवा समुद्रात बुडी मारू नये, विहिरीचे पाणी डोळ्यावर घेऊ नये, चुलीच्या धुरापासून दूर राहावे. पहिल्या आठवड्यात डोळा दुखू लागला, लाल झाला आणि नजर कमी झाली, तर सकाळच्या एसटीची वाट न पाहता त्याच रात्री फोन करावा, हे आजीबाईंना आणि सुनेला दोघींनाही समोर बसवून सांगावे. भिंगाच्या खोक्यातले नंबर लिहिलेले कार्ड मात्र पावसाळ्याच्या दमटपणात सादळून पुसट होते. ते प्लास्टिकच्या पाकिटात घालून द्यावे आणि मुलाला मोबाइलवर त्याचा फोटो काढून ठेवायला सांगावे, कारण दुसऱ्या डोळ्याची शस्त्रक्रिया पुष्कळदा मुंबईत होते आणि तिथला डॉक्टर पहिले तेच विचारतो.