साठीनंतर वजनाचं इंजेक्शन घेताना अंगातली ताकद कशी टिकवावी

डॉक्टरांना चालू असलेली सगळी औषधं आधीच दाखवा. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड (मधुमेहाची गोळी) चालू असेल तर साखर फार उतरू शकते. पित्ताचे खडे, स्वादुपिंडाची सूज, घरात कुणाला थायरॉइडचा कॅन्सर, यातलं काहीही लपवू नका.

डोस सावकाश वाढवा. सेमाग्लुटाइड, म्हणजे भूक कमी करून वजन उतरवणारं हे इंजेक्शन, आठवड्यातून एकदा, ०.२५ मिलिग्रॅमपासून सुरू होतं आणि साधारण चार आठवड्यांनी एक पायरी चढतं. मैत्रीण पुढच्या डोसवर गेली म्हणून तुम्ही जायचं नाही.

आता खाणं. खरी गोची इथेच आहे. भूक मरते, चार घासांत पोट गच्च होतं, आणि "भूकच नाही तर कशाला खायचं?" असं वाटू लागतं. सुरुवातीला मीही काटा खाली येताना पाहून खूश व्हायचे. मग माझ्याकडे येणाऱ्या सत्तरीतल्या एका बाई एक दिवस निघताना खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरून, ओठ आवळून, दुसऱ्या प्रयत्नात उठल्या. वजन अकरा किलो उतरलं होतं, पण चरबीबरोबर मांड्याही गेल्या होत्या. मी त्यांना रोज वजन विचारलं होतं, ताटात काय होतं ते कधीच नाही. पाळी गेल्यावर स्नायू आणि हाडं आधीच झिजत असतात. त्यात उपासमार झाली तर पडून हाड मोडायला वेळ लागत नाही.

म्हणून पहिला घास प्रथिनांचा. अंडं, दही, पनीर, मासे, घट्ट डाळ, जे सोसेल ते. सूप आणि सॅलड नंतर. पोटातली मोजकी जागा त्यांनी अडवायची नाही. "रात्री फक्त सूप घ्या" हा सल्ला या वयात मला अजिबात मान्य नाही. वजनाच्या दर किलोला दिवसाला १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ६५ किलोच्या बाईला ६५ ते ७८ ग्रॅम. एका अंड्यात जेमतेम सहा ग्रॅम असतात, तेव्हा दिवसातून चार वेळा थोडं थोडं खावंच लागतं. किडनीचा त्रास असेल तर आकडा डॉक्टरांकडूनच घ्या. सलग तीन दिवस एवढं जात नसेल तर डोस वाढवू नका, डॉक्टरांना फोन करा. उलट्या होऊन पाणीही टिकत नसेल तर त्याच दिवशी दाखवा.

चालणं चालू ठेवा, पण चालण्याने स्नायू वाचत नाहीत. आठवड्यातून दोनदा वजनं उचला, भिंतीला रेटा द्या, खुर्चीतून ऊठबस करा. शेवटच्या दोन वेळा जड गेल्या पाहिजेत. सोपं वाटलं की वजन वाढवा.

महिन्यातून एकदा हात छातीवर घडी घालून ३० सेकंदांत खुर्चीतून किती वेळा पूर्ण उठता ते मोजा, आणि तो आकडा वहीत वजनाशेजारी लिहा. ६५ ते ६९ वयात ११ पेक्षा कमी भरला, किंवा महिन्यागणिक घसरत गेला, तर पुढचं इंजेक्शन घेण्याआधी ती वही डॉक्टरांसमोर ठेवा.