गृहकर्जासाठी घराचं व्हॅल्युएशन: माणसाला दुसऱ्यांदा यावं लागू नये म्हणून

रिसेलच्या फ्लॅटवर कर्ज काढताना बँक दोघांना कामाला लावते. वकील कागद तपासून मालकी कोणाची हे सांगणारा टायटल सर्च रिपोर्ट देतो आणि व्हॅल्युअर प्रत्यक्ष घर पाहून किंमत ठरवतो. तो येणार म्हटलं की काही घरांत दिवाळीसारखी झाडझूड सुरू होते. त्याचा फारसा उपयोग नसतो. तो सोफा बघायला येत नाही, कागदावरचं घर आणि समोरचं घर एकच आहे ना, हे बघायला येतो.

हे आम्ही ठेच लागून शिकलो. सिंहगड रस्त्यावरच्या आमच्या फ्लॅटच्या करारनाम्यात विंग 'बी' लिहिलेली आणि जिन्याखालच्या पाटीवर ठळक 'सी'. बिल्डरने दिलेली नावं सोसायटीने मागाहून बदलली होती. व्हॅल्युअर करारनामा हातात धरून जिन्यात उभा राहिला, पाटीचा फोटो काढला आणि निघून गेला. अहवालात मिळकतीची ओळख पटत नसल्याचा शेरा. सोसायटीच्या लेटरहेडवर दोन ओळींचं पत्र आणलं आणि प्रश्न सुटला, पण सेक्रेटरीकाका गावाला गेलेले, त्यात नऊ दिवस गेले. म्हणून आधी दारावरची पाटी, वीजबिल, कराची पावती आणि करारनामा शेजारी ठेवून फ्लॅट नंबर, विंग, सर्व्हे नंबर ताडून बघा.

कागद जमवताना मंजूर नकाशापासून सुरुवात करा. करारनामा, इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या व्यवहाराचा सारांश), कराची पावती, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट हे सगळं मालकाच्या फाइलमध्ये बहुधा असतंच. नकाशा मात्र नसतो, किंवा असतो तो ए-फोर कागदावर छोटा करून काढलेला, ज्यावरचे आकडे भिंगातूनही दिसत नाहीत. सोसायटीच्या कपाटात मोठी प्रत आहे का विचारा, नाहीतर बिल्डरकडे जा. दोन्हीकडे नसेल तर महापालिकेच्या बांधकाम विभागात. माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो, पण उत्तराला ३० दिवसांची मुदत असते; म्हणून हे काम टोकन देण्याच्या आधीच काढावं. त्याच अर्जात भोगवटा प्रमाणपत्राची, म्हणजे ओसीची प्रतही मागून घ्या. ओसी नाही म्हटल्यावर बऱ्याच बँका फाइल पुढे सरकवत नाहीत. गावठाणातलं किंवा ग्रामपंचायत हद्दीतलं घर असेल तर कागद वेगळे लागतात, तेव्हा शाखेतून लेखी यादीच मागा.

आता क्षेत्रफळ. एजंट 'साडेसातशेचा टू बीएचके' म्हणतो आणि करारात ५२.४० चौरस मीटर कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा, असतं. १०.७६४ ने गुणा: ५६४ चौरस फूट. साडेसातशे हा भिंती किंवा जिना-लॉबीसारखी सामाईक जागाही धरलेला बिल्टअप किंवा सुपर बिल्टअपचा आकडा, त्याला व्हॅल्युअर विचारत नाही. बँकेच्या अर्जात करारातलाच आकडा लिहा.

मग नकाशा हातात घेऊन घरभर एक चक्कर मारा. बाल्कनी बंद करून हॉलमध्ये घेतलीय? टेरेसवर पत्रे टाकलेत? मधली भिंत पाडून स्वयंपाकघर मोठं केलंय? अशी घरं आपल्याकडे ढिगाने आहेत. लपवायला जाऊ नका, लेझर मीटर लावला की ते कळतंच. आपण आधी सांगितलं तर तो वाढीव भाग किमतीत न धरता पुढे जाण्याची शक्यता जास्त. नंतर निघालं तर खुलासे मागवले जातात. दोन फ्लॅट जोडून एक केलेले असतील तर दोन्हीचे करार आणि जोडणीची परवानगी तयार ठेवा. माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ खाणारं प्रकरण हेच.

भेटीच्या दिवशीची तयारी छोटी आहे. घरात भाडेकरू असेल तर त्याला आदल्या दिवशी सांगा, गेटवर नोंद करून ठेवा, सगळ्या खोल्यांच्या आणि पार्किंगच्या किल्ल्या हाताशी असू द्या. खोल्यांचे कोपरे तेवढे मोकळे करा, कारण लेझर मीटर भिंतीला टेकवून माप घेतात आणि तिथे गाद्यांची चळत असली की सगळंच खोळंबतं. आवरायचंच असेल तर एवढं आवरा. इमारत कोणत्या साली झाली, लिफ्ट आहे का, पार्किंग कोणाच्या नावे, हे सांगणारं माणूस घरी हवं. जुन्या इमारतीत वयाचा प्रश्न हमखास येतो: इमारतीचं उरलेलं आयुष्य कमी धरलं गेलं तर कर्जाची मुदतही आखडते. चहा विचारा, पाकीट पुढे करू नका.

किंमत कमी आली तर काय होतं ते आकड्यात बघा. व्यवहार ६० लाखांचा, व्हॅल्युएशन ५५ लाखांचं. बँका साधारणपणे यातली कमी रक्कम धरतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांच्या वर ७५ लाखांपर्यंतच्या गृहकर्जात ८० टक्क्यांपर्यंतच रक्कम देता येते. म्हणजे ४८ ऐवजी ४४ लाख, वरचे ४ लाख आपल्या खिशातून. सरकारी रेडी रेकनरचा दर दाखवून वाद घालू नका. तो मुद्रांक शुल्काचा हिशेब आहे, बाजारभाव त्याच्या वरही असतो आणि खालीही.

त्याऐवजी आपल्याच इमारतीतले किंवा शेजारच्या सोसायटीतले अलीकडचे व्यवहार शोधा. नोंदणी व मुद्रांक शुल्क विभागाच्या संकेतस्थळावर 'ई-सर्च'मध्ये सर्व्हे नंबर टाकून इंडेक्स टू बघता येतात. पान उघडायला कधी कधी फार वेळ लागतो, रात्री उशिरा प्रयत्न करा. तीन-चार व्यवहारांच्या प्रती जोडून शाखेला पत्र द्या आणि फेरमूल्यांकन मागा. व्हॅल्युअरला परस्पर फोन करू नका, त्याची नेमणूक बँकेची असते. पत्राच्या प्रतीवर शाखेचा शिक्का आणि तारीख मात्र आठवणीने घ्या.