भिंतीवरची मूल्यं कधी उतरवायची?

एचआरमध्ये माझी बरीच वर्षं गेली. 'आपल्या कंपनीच्या व्हॅल्यूज, म्हणजे मूल्यं, जरा फ्रेश करूया' असं कुणी म्हणालं की मी आधी विचारते, झालं काय? नवे सीईओ आले, ऑफिस रंगवायला काढलं, ऑफसाइटला दुपार मोकळी आहे... एवढ्यासाठी मूल्यांना हात लावू नका.

खरी वेळ मला एका एक्झिट इंटरव्ह्यूत, म्हणजे नोकरी सोडणाऱ्याशी होणाऱ्या शेवटच्या बोलण्यात, कळली. समोरची मुलगी शांतपणे म्हणाली, "ओनरशिप म्हणजे रात्री अकराचा फोन उचलायचा, एवढंच मला इथे समजलं." मी पेन खाली ठेवलं. तो शब्द आम्हीच निवडला होता, कंपनीत 20 माणसं असताना. तेव्हा अर्थ होता, कुणाला न विचारता निर्णय घे. माणसं 400 झाली, निर्णय वर गेले आणि फोन तेवढे खाली राहिले.

असं काही कानावर आलं की शेवटची सहा प्रमोशनं आणि वर्षातले तीन अवघड निर्णय कागदावर मांडा. प्रत्येकापुढे लिहा, कौल कोणत्या मूल्याने दिला? रकाने रिकामे राहिले, तर मूल्य फक्त भिंतीवर आहे.

मग ठरवा, बिघाड शब्दात आहे की वागण्यात. एन्रॉनच्या यादीत आदर आणि सचोटी होती. तरी हिशेबातले घोटाळे उघडे पडले आणि डिसेंबर 2001 मध्ये दिवाळं निघालं. शब्दांत काय खोट होती? तिथे नवी यादी म्हणजे नुसती रंगरंगोटी. उबरचं उलट. हुद्दा न बघता मत मांडावं म्हणून असलेलं 'टो-स्टेपिंग' (कुणाच्या पायावर पाय पडला तरी बिचकू नका) हे मूल्य उद्धटपणाला निमित्त झालं, आणि 2017 मध्ये ते काढलं गेलं. शब्दच पळवाट होत असेल तर तो जायलाच हवा.

चर्चा बंद खोलीत नको. आयबीएमने 2003 मध्ये सगळ्या कर्मचाऱ्यांसाठी 72 तास ऑनलाइन चर्चा खुली ठेवली होती. टीकाही भरपूर झाली म्हणे. व्हायलाच हवी. जॉन्सन अँड जॉन्सनमध्ये 1943 सालच्या 'क्रेडो'बद्दल, म्हणजे कंपनीच्या लिखित तत्त्वांबद्दल, कंपनीचे अध्यक्ष जेम्स बर्क यांनी 1970च्या दशकात वरिष्ठ अधिकाऱ्यांना थेट विचारलं होतं: पाळायचं नसेल तर भिंतीवरून उतरवूया का? हा प्रश्न मी जसाच्या तसा उचलला.

आम्ही 'ओनरशिप' ठेवली. खाली एक ओळ घातली: ग्राहकाचे पैसे परत करायचे का, हे फोन उचलणाराच ठरवेल. पहिल्याच आठवड्यात दोन मॅनेजर तक्रार घेऊन माझ्या केबिनमध्ये हजर.