सातबाऱ्यावरचे आर, बोलण्यातले गुंठे: हिशोब कसा जुळवायचा

रत्नागिरी-सिंधुदुर्गात जागेचा भाव ठरतो गुंठ्यावर, सातबाऱ्यावर क्षेत्र असतं हेक्टर-आरमध्ये आणि घराचा नकाशा काढणारा विचारतो, चौरस फूट किती? कोणाचंच चूक नाही. पण ही तिन्ही मापं ‘साधारण सारखीच’ धरली की पैसे जातात.

सुरुवात सातबाऱ्यापासून करा. तिथे ०.१२.५० असं लिहिलेलं असेल, तर ते शून्य हेक्टर, बारा आर, पन्नास चौरस मीटर. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर आणि १०० आरचा एक हेक्टर. त्यामुळे ठिपके काढून टाकले की थेट चौरस मीटर मिळतात: १२५०. तसंच १.०५.३० म्हणजे १०,५३० चौ.मी. शून्यांकडे लक्ष असू द्या. ०.०५.०० म्हणजे पाच आर, पन्नास नव्हे.

आता गुंठा. तेहतीस फुटी साखळीचा चौरस, म्हणजे ३३ × ३३ = १०८९ चौरस फूट. एक फूट ०.३०४८ मीटरचा, म्हणून गुंठा भरतो १०१.१७ चौ.मी. एवढं कळलं की दोनच आकडे लक्षात ठेवायचे: चौरस मीटरला १०१.१७ ने भागलं की गुंठे, १०.७६४ ने गुणलं की चौरस फूट. आपले १२५० चौ.मी. म्हणजे १२.३६ गुंठे किंवा सुमारे १३,४५५ चौरस फूट. मधल्या पायरीवर आकडा गोल करू नका, शेवटी करा.

खरी गफलत होते एकरात. चाळीस गुंठ्यांचा एकर हे सगळ्यांना पाठ असतं, म्हणून सातबाऱ्यावर चाळीस आर दिसले की ‘एकरभर आहे’ म्हणून सौदा होतो. चाळीस आर म्हणजे ३९.५४ गुंठेच. एकराला ५०४ चौरस फूट कमी, म्हणजे दोन चांगल्या खोल्यांची जागा. गुंठ्याला दोन लाख भाव असेल तर नव्वद हजारांहून जास्त फरक. विकणारा मुद्दाम फसवतोच असं नाही, बऱ्याचदा त्यालाही आर आणि गुंठा एकच वाटत असतात. म्हणून भाव ठरवण्याआधीच क्षेत्र चौरस मीटरमध्ये मांडा आणि खरेदीखतात तेच येईल हे बघा.

याच वेळी पोटखराबाचा, म्हणजे लागवडीला न येणाऱ्या जमिनीचा, आकडाही पाहा. आपल्याकडे कातळ काय कमी आहे? लागवडीयोग्य आणि पोटखराब क्षेत्र वेगळं दाखवलेलं असतं; बागेसाठी जागा घेत असाल तर एकूण क्षेत्रावर भुलू नका.

आजोबांच्या वेळचा कागद हाती आला तर तिथे एकर-गुंठे-आणे असतील. सोळा आण्यांचा गुंठा. २-१५-८ असेल तर दोन एकरांचे ८० गुंठे, वर १५, आणि आठ आणे म्हणजे अर्धा: ९५.५ गुंठे. त्याला १०१.१७ ने गुणा, ९६६२ चौ.मी. येतील, म्हणजे ०.९६.६२. मात्र सामाईक जमिनीत नावापुढे ‘४ आणे’ असेल तर ते क्षेत्र नव्हे, हिस्सा आहे. सोळापैकी चार, म्हणजे पाव. आपल्या १२५० चौ.मी.तले ३१२.५, सुमारे ३.०९ गुंठे. मुंबईहून वाटपासाठी आलेल्या भावकीत या दोन प्रकारच्या आण्यांवरून तासभर वाद सहज रंगतो.

पुढे बांधकाम निघालं की रेती-खडी ब्रासमध्ये येते. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. डंपरच्या हौद्याची आतली लांबी, रुंदी आणि मालाची उंची फुटांत मोजा, तिन्हींचा गुणाकार करून १०० ने भागा. माल उतरवायच्या आधी मोजा, नंतर ढिगाचं माप काढत बसावं लागेल.