जुन्या रशियन पुस्तकात "पगार १२० रुबल" असं वाचलं तर त्याचा अर्थ कसा लावायचा

रशियावरचं काहीही वाचायला घ्या, आठवणी, इतिहास, जुनी पत्रं, थोड्याच पानांत कुणीतरी सांगतं की पगार १२० रुबल होता, आणि आपण मनातल्या मनात आजच्या रेटने त्याचे डॉलर करून पुढे जातो. प्लीज हे करू नका. रुबल हे नाव एकच असलं तरी त्या नावाखाली शंभर वर्षांत कितीतरी वेगवेगळे पैसे होऊन गेलेत, आणि त्या माणसाचं नेमकं काय झालं हे बऱ्याचदा त्या आकड्यातच दडलेलं असतं.

सगळ्यात आधी तारीख शोधा, वर्ष तर हवंच पण जमलं तर महिना पण. मी पुस्तकाच्या पहिल्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने हे आकडे लिहून ठेवते: १९२२, १९२३, १९२४, १९४७, १९६१, १९९३, १९९८. या प्रत्येक वर्षी नोटा बदलल्या किंवा शून्यं उडवली. क्रांतीनंतरच्या यादवीत पैशाची इतकी माती झाली होती की १९२२ मध्ये जुने १०,००० रुबल म्हणजे नवा १, पुढच्या वर्षी त्यातले १०० म्हणजे १, आणि १९२४ मध्ये त्यातले ५०,००० म्हणजे १ असं करावं लागलं. गुणाकार केलात तर शेवटचा १ रुबल म्हणजे सुरुवातीचे ५० अब्ज. त्यामुळे १९२१ च्या पत्रात कुणी पावासाठी हजारो रुबल दिले असं लिहिलं असेल तर तो माणूस श्रीमंत नव्हता, उपाशी होता.

मग दुसरा प्रश्न, पैसा ठेवला कुठे होता? हे फार लोक बघत नाहीत, पण मला विचाराल तर हाच सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे. डिसेंबर १९४७ मध्ये रेशन कार्डं बंद झाली आणि त्याच वेळी नोटा बदलल्या, तर घरातल्या रोख १० रुबलला नवा १ मिळाला, पण बचत खात्यातले पहिले ३,००० रुबल जसेच्या तसे राहिले, त्यावरच्या रकमेला कात्री लागली. म्हणजे शेजारी राहणाऱ्या दोघांकडे सारखेच २,००० असले, एकाचे बँकेत आणि दुसऱ्याचे गादीखाली, तर एका आठवड्यात एकाकडे २,००० आणि दुसऱ्याकडे २०० उरले. युद्धाच्या काळात बाजारात धान्य-भाज्या विकून ज्या शेतकऱ्यांनी रोख जमवली होती त्यांना हा फटका जास्त बसला.

१९६१ चा बदल वरवर साधा दिसतो, १० जुने म्हणजे १ नवा, पगार आणि दुकानातल्या किमती दोन्हीतलं एक शून्य गेलं, संपलं. पण डॉलरकडे बघा. आधी सरकारी रेट एका डॉलरला ४ रुबल होता, शून्य काढलं की ४० कोपेक (१०० कोपेक म्हणजे १ रुबल) व्हायला हवा होता, तो ठेवला ९० कोपेक. म्हणजे बाहेरच्या जगासाठी रुबलची किंमत गुपचूप अर्ध्याच्या खाली आणली. आणि एक बारीक गोष्ट, जुनी १, २ आणि ३ कोपेकची नाणी बदललीच नाहीत, ती त्याच किमतीला चालू ठेवली, त्यामुळे ज्याच्या घरी चिल्लरची बरणी भरलेली होती त्याची बरणी एका रात्रीत दहापट झाली.

आता १९६१ ते १९९० या मधल्या काळाचा आकडा कसा वाचायचा, कारण बहुतेक आठवणी याच काळातल्या असतात. डॉलर विसरा, पगाराशी मोजा. १९८० च्या सुमाराला सरासरी पगार महिना १७० रुबलच्या आसपास होता आणि मॉस्को मेट्रोचं तिकीट ५ कोपेक, ते १९६१ पासून तीस वर्षं हललंच नाही. किमती इतक्या पक्क्या होत्या की ॲल्युमिनियमच्या भांड्यावर, खेळण्यावर किंमत कारखान्यातच ठोकलेली असायची, लेबल वगैरे नाही, वस्तूच्या अंगावरच. घरभाडं किरकोळ. हे वाचून स्वस्ताई होती असं वाटतं आणि इथेच खरी गफलत होते, कारण किंमत असणं आणि वस्तू असणं या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. लोकांच्या बोलण्यात "विकत घेतलं" पेक्षा "दस्ताल" हा शब्द जास्त यायचा, म्हणजे कुठून तरी मिळवलं, पैदा केलं. बायका पर्समध्ये जाळीची पिशवी घडी करून ठेवायच्या, तिचं नावच आवोस्का, "आवोस" म्हणजे बघू, नशिबात असेल तर. रस्त्यात रांग दिसली की आधी उभं राहायचं आणि मग विचारायचं की इथे काय देतायत. म्हणून आठवणीत किंमत दिसली की लगेच पुढच्या-मागच्या ओळीत शोधा, किती वेळ उभे राहिले, कुणाच्या ओळखीने मिळालं, किती वर्षं नंबर लावला होता (गाडीसाठी तर वर्षानुवर्षं). खरी किंमत त्या ओळीत आहे.

आणि डॉलर का विसरायचा, तर १९८० च्या दशकात सरकारी रेट ६० ते ८५ कोपेकच्या दरम्यान असला तरी साध्या माणसाला त्या रेटने डॉलर मिळतच नव्हता, त्याची खासगी खरेदी-विक्री हा गुन्हा होता. १९६१ मध्ये रोकोतोव, फायबिशेंको आणि याकोवलेव या तिघांना चलनाच्या धंद्यासाठी गोळ्या घातल्या, तेही शिक्षा ठोठावून झाल्यावर कायदा बदलून पुन्हा खटला चालवून. त्या कागदावरच्या रेटने सोव्हिएत पगाराचे डॉलर करणं म्हणजे या सगळ्यावर पांघरूण घालणं.

१९९१ पासून पुढे मात्र वर्षावर भागत नाही, महिना लागतोच. २२ जानेवारी १९९१ च्या रात्री टीव्हीवर सांगितलं की ५० आणि १०० च्या जुन्या नोटा बंद, बदलायला तीन दिवस, साधारण १,००० रुबलपर्यंत. २ जानेवारी १९९२ ला बहुतेक किमतींवरचं सरकारी नियंत्रण उठलं आणि त्या एका वर्षात किमती पंचवीसपटीहून जास्त वाढल्या. एक उदाहरण हातानेच करून बघा. समजा एका आजीच्या पासबुकात १९९० ला ५,००० रुबल होते. तेव्हा रशियात सरासरी पगार ३०० च्या आसपास, म्हणजे हे सोळा महिन्यांचे पगार, म्हातारपणाची सोय. डिसेंबर १९९२ ला सरासरी पगार १६,००० च्या जवळ गेला, आता तेच ५,००० म्हणजे जेमतेम दहा दिवसांचा पगार. १ जानेवारी १९९८ ला तीन शून्यं उडाली, पासबुकात राहिले ५ रुबल, आणि मॉस्को मेट्रोचं तिकीट होतं २ रुबल. व्याज आणि मधे सरकारने जमा केलेली थोडी भरपाई बाजूला ठेवली तरी चित्र हेच राहतं. आकडा कुणी चोरला नाही, तो तसाच छापलेला होता. रशियातली म्हातारी माणसं बँकेचं नाव काढलं की गप्प का होतात हे मला पानंच्या पानं वाचून कळलं नव्हतं, हा हिशोब मांडल्यावर कळलं.

नव्वदीच्या लिखाणात अजून दोन गोष्टींकडे लक्ष ठेवा. दुकानात किंमत "यु. ये." मध्ये दिसली तर त्याचा शब्दशः अर्थ सांकेतिक एकक, पण सगळ्यांना माहीत असायचं की हा डॉलरच आहे, कारण रुबलमधला आकडा आठवडाभरही टिकत नव्हता. आणि पगार "होता" असं लिहिलं असेल तर तो मिळाला का ते तपासा, अनेक कारखान्यांत महिनोन्‌महिने पगार थकायचा किंवा त्याऐवजी कारखान्याचाच माल हातात द्यायचे, मग लोक तो रस्त्याच्या कडेला उभं राहून विकायचे. १७ ऑगस्ट १९९८ ला सरकारने कर्ज फेडणं थांबवलं, तेव्हा डॉलर ६ रुबलच्या थोडा वर होता, वर्ष संपताना २० च्या वर. त्या वर्षातला पगार वाचताना तो जुलैचा की डिसेंबरचा हे नाही बघितलं तर तिपटीची चूक होते.

आजच्या बातम्यांनाही हीच पद्धत लावा. मार्च २०२२ मध्ये डॉलर १२० रुबलपर्यंत गेला आणि जूनअखेर ५० च्या जरा वर आला, तेव्हा रुबल किती मजबूत झाला अशा हेडलाईन आल्या. पण त्या वेळी निर्यातदारांना डॉलरची कमाई सक्तीने विकायला लावत होते, लोकांनी खात्यातून परकीय चलन काढण्यावर कडक मर्यादा होती आणि आयात कोसळली होती, म्हणजे डॉलर घेऊन करणार काय हाच प्रश्न होता. रेट वाचला की पुढे विचारा, या रेटने कुणाला मिळतो, आणि मिळाला तर त्याचं काय घेता येतं. शिवाय रशियाच्या केंद्रीय बँकेचा व्याजदर शेजारी लिहा, डिसेंबर २०१४ मध्ये तो एका रात्रीत १०.५ वरून १७ टक्के केला होता, फेब्रुवारी २०२२ च्या शेवटी २० आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये २१. रुबल शांत दिसत असेल आणि व्याज २१ टक्के असेल तर ती शांतता टिकवायला घरासाठी कर्ज काढणारा आणि छोटा धंदेवाला काय मोजतोय ते त्या दुसऱ्या आकड्यात दिसेल.