चार-पाच पोरांचा उन्हाळा: खान्देशातल्या घरासाठी

घरात सात वर्षांचा एक, पाच वर्षांचे जुळे दोघे आणि सुट्टीला सुरतेहून आलेले आतेभाऊ दोघे. अशी पाच पोरं एकत्र आली की आखाजीपासून, म्हणजे अक्षय तृतीयेपासून, मृगापर्यंतचे दिवस आरडाओरड्यावर निघत नाहीत. ते घड्याळावर आणि पाळीवर निघतात. घड्याळ ऊन ठरवतं, तिथे आपलं काही चालत नाही. पाळी मात्र आपण ठरवायची, आणि जुळे-तिळे असलेल्या घरात तर पहिल्याच दिवशी. भांडण लागल्यावर काढलेला नियम कोणी मानत नाही.

घड्याळ

जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४४-४५ ला सहज टेकतो. म्हणून बाहेरचा दिवस दोन तुकड्यांत करा: सकाळी पावणेसहा ते नऊ, संध्याकाळी साडेपाच ते आठ. धावपळ, सायकल, क्रिकेट सगळं सकाळच्या तुकड्यात टाका. संध्याकाळी हवा जराशी उतरते, पण सिमेंटचं अंगण, डांबर आणि पत्रा सात वाजेपर्यंत भाजत असतात. अंगणाला हाताची मागची बाजू पाच सेकंद टेकवून बघा. हात ठरत नसेल तर पोर अनवाणी सोडू नका. चपला उंबऱ्याच्या आत ठेवा. बाहेर तापलेल्या चपलेत पाय घालायला पोरं तयार नसतात आणि तशीच पळतात.

सकाळी उपाशीपोटी धाडू नका. एक केळं आणि कपभर दूध, किंवा दुधात कुस्करलेली अर्धी भाकरी पुरते. डोक्याला टोपीपेक्षा पांढरा बागायतदार रुमाल चांगला. एकाचे दोन तुकडे करून शिवून घेतले की दोन पोरांचं भागतं, आणि ओला करून मानेवर टाकता येतो. खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही असं घरातली मोठी माणसं सांगतात. कांदा भाकरीबरोबर खाऊ द्या, भरवसा मात्र रुमालावर आणि पाण्यावर ठेवा.

नऊला घरात हवी असतील तर आठ चाळीसला हाक मारा. पाच जण गोळा व्हायला वीस मिनिटं जातातच.

आधी कोण

जुळ्यांची बरीचशी भांडणं वस्तूवरून नसतात, ‘आधी कोण’ यावरून असतात. सोपा तोडगा: सम तारखेला एक पहिला, विषम तारखेला दुसरा. पहिल्याला चारच हक्क द्या: पहिली अंघोळ, कुलरजवळची जागा, गाडीत खिडकी आणि भांडं चाटायला. पाचवा हक्क जोडला की त्याची यादी वाढतच जाते. या नियमाला एक खोच आहे. ३१ मे विषम, १ जूनही विषम, म्हणजे एकालाच सलग दोन दिवस मिळतात, आणि पाच वर्षांच्या पोराला हे बरोबर कळतं. तेव्हा ३१ तारीख आजीची, हे आधीच जाहीर करून टाका. तिळे असतील किंवा पाळी पाच जणांत लावायची असेल तर सम-विषम चालत नाही. महिना लागताच भिंतीवरच्या कॅलेंडरच्या प्रत्येक चौकटीत नावाचं पहिलं अक्षर लिहा. वाचता न येणारा पोरगाही आपलं अक्षर ओळखायला आठवड्याभरात शिकतो.

सायकल, झोका, नळी यांची पाळी मिनिटांवर लावू नका. लहान्याला दहा मिनिटं कळत नाहीत, फेऱ्या कळतात. कडुनिंबापासून देवळापर्यंत आणि परत, अशा तीन फेऱ्या.

काय दोन आणायचं आणि काय एक? भोवरा, गोट्यांची पिशवी, बाटली, पंचा ज्याचा त्याला, आणि प्रत्येकाचा रंग ठरलेला. बॅट एकच आणा. दोन बॅटी आल्या की बॉल टाकायला कोणी उरत नाही. विटीदांडू पाच वर्षांखालच्यांच्या हातात देऊ नका. विटी डोळ्यावर बसली तर टाक्यावर भागत नाही. दांडू मारणाऱ्यापासून बाकीचे किमान दहा पावलं लांब, आणि समोर कोणी नाही.

हुबेहूब जुळे असतील तर कमरेच्या करदोड्याचा रंग वेगळा ठेवा, एकाचा काळा, एकाचा लाल. कपडे बदलले तरी करदोडा राहतो. जत्रेत किंवा चैत्रात सप्तशृंग गडाकडे निघताना मनगटाच्या आतल्या बाजूला बॉलपेनने मोबाइल नंबर लिहा, प्रत्येकाच्या. मोजणी नावाने करू नका, आकड्याने करा. प्रत्येकाला नंबर द्या आणि एकापासून हाळी घ्या. नावाने मोजताना जुळ्यांतल्या एकालाच दोनदा मोजलं जातं.

हाच घोटाळा औषधात होतो. दोघांना ताप, आई एकदा पाजते, आजी पुन्हा त्यालाच पाजते, आणि दुसरा तसाच राहतो. फ्रिजवर कागद चिकटवा: नाव, वेळ, किती मिली, कोणी दिलं. पाजल्याबरोबर लिहायचं, नंतर नाही. पॅरासिटामॉलचा डोस वयावर नाही, वजनावर ठरतो, आणि जुळ्यांच्या वजनात दोन किलोंचा फरक सहज असतो. दोघांचा डोस डॉक्टरांकडून वेगवेगळा लिहून घ्या. बाटलीवरची ताकदही वाचा. ५ मिलीत १२५ मिलिग्रॅम आणि ५ मिलीत २५० मिलिग्रॅम अशी दोन्ही सिरपं दुकानात शेजारी शेजारी असतात.

पाणी आणि ऊन लागणं

माठाजवळ ठेवलेल्या पेल्यावरून कोण किती प्यालं ते कळत नाही. प्रत्येकाला त्याच्या रंगाची अर्ध्या लिटरची बाटली द्या. अकरापर्यंत एक, चारपर्यंत दुसरी, झोपेपर्यंत तिसरी. जास्त खेळ झाला की चौथी. लघवी गडद पिवळी दिसली किंवा सहा तासांत झालीच नाही, तर पाणी कमी पडतंय.

पन्ह्यासाठी उकडलेल्या कैरीचा गर एक वाटी, गूळ दीड ते दोन वाट्या, मीठ एक चमचा, वेलची. एका पेल्याला दोन मोठे चमचे पुरतात. ओआरएसमध्ये चूक होते ती मापाची. मोठं पाकीट एक लिटरचं असतं आणि लोक अर्धं पाकीट पेल्यात टाकतात. तसलं खारट पाणी अपाय करतं. पूर्ण पाकीट, पूर्ण एक लिटर, आणि चोवीस तासांनी उरलेलं फेकून द्या. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ.

घोळणा फुटणं या कोरड्या हवेत नेहमीचं. पोराला बसवा, डोकं किंचित पुढे, नाकाचा मऊ भाग चिमटीत दहा मिनिटं सलग धरा. मधे सोडून बघू नका. मान मागे टाकली की रक्त घशात जातं आणि उलटी होते.

ऊन लागल्याची खूण थकवा नाही, वागणं आहे. पोरगा बरळतो, चिडचिड करतो, नीट चालत नाही, अंग भाजतं, मग कधी घाम असो वा नसो. अशा वेळी १०८ ला फोन आणि त्याच क्षणी अंग गार करणं, दोन्ही एकदम. कपडे काढा, अंगभर पाणी ओता, पंखा लावा, बगलेत आणि जांघेत बर्फ. पॅरासिटामॉल इथे काम करत नाही. शुद्धीवर नसेल तर तोंडात पाण्याचा थेंबही नको.

दुपार

बारा ते पाच हाच खरा डोंगर. जेवण साडेअकराला उरका. आमरस असेल त्या दिवशी आंबे तास-दोन तास पाण्यात भिजत टाका आणि रस बाकी जेवणाबरोबरच वाढा, नुसत्या रसावर पोट भरू देऊ नका. एक ते तीन झोप. न झोपणाऱ्याला झोपवण्यात वेळ घालवू नका, त्याला ‘आवाज न करता आडवं पडणं’ एवढंच काम द्या. जुळ्यांना शेजारी शेजारी टाकू नका. मधे एक मोठा माणूस किंवा निदान एक लोड.

कुलर खिडकीत असला तरी समोरची खिडकी चार बोटं उघडी हवी. सगळं बंद केलं की हवा दमट होते आणि पोरांना घामोळ्या येतात. पत्र्याच्या कुलरला अर्थिंग आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज आपोआप तोडणारा स्विच) बसवून घ्या, आणि पाणी भरताना नुसतं बटण बंद करून थांबू नका, पिन काढा. ओल्या हाताने कुलरला हात लावायचा नाही, हा नियम पोरांना पाठ हवा. पण पोरं विसरतात, म्हणून पुढे एक आडवी खाट टाका. टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासा. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून पंख फुटायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. पाणी चार-पाच दिवसांआड येतं तिथे ड्रमांवरही कापड बांधा. ड्रमात वाकून बघणं हा लहान्यांचा आवडता उद्योग, म्हणून झाकणावर दगड.

तीन ते साडेपाचला काम द्या. बिबडे (ज्वारीचे पापड) आणि कुरडया घालायचं घरातलं काम सकाळी उरकलेलं असतं. संध्याकाळी ते कापडावरून सोडवणं, मोजून डब्यात लावणं हे पोरं मन लावून करतात, आणि मोडलेला तुकडा त्यांचा, हा मोबदला चालतो. शिजता चीक आणि पातेलं यांच्या आसपास मात्र कोणी नको. चीक अंगाला चिकटतो आणि साध्या पाण्यापेक्षा खोल भाजतो. भाजलंच तर वीस मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरा. टूथपेस्ट, हळद, बर्फ काही लावू नका.

झोका

आखाजीचा झोका मुलींचा. पोरांनी पाळी मागून घ्यायची, हे आधी सांगून ठेवा. बांधणारा कोणीही असो, तपासणी मात्र तुमची. फांदी कडुनिंबाची किंवा चिंचेची, मोठ्या माणसाच्या मांडीइतकी जाड आणि हिरवी. शेवग्याची कधीच नको, तो न वाकता कडकन मोडतो. दोर खोडापासून चार-पाच फूट लांब बांधा, नाहीतर झोका तिरका होऊन खोडावर आपटतो. गोठ्यात वर्षभर पडलेला जुना नाडा वापरू नका. तो वरून धड दिसतो आणि आतून कुजलेला असतो. अंगठ्याएवढा जाड नवा दोर घ्या आणि फांदीवर गोणपाटाची घडी टाकून मग बांधा. गोणपाट नसेल तर फांदी दोराला करवतीसारखी घासते. दोन मोठ्या माणसांनी एकदम लोंबकळून हिसके द्यायचे, मगच पोरं. फळी जमिनीपासून दीड फूट, खाली सहा इंच वाळू. दर दुसऱ्या दिवशी गोणपाट उचलून दोर बघा.

झोक्यावर बसलेला पोर पडू शकतो, ते ध्यानात असतं. पण मार समोरून धावत जाणाऱ्यालाही बसतो. म्हणून झोका जिथपर्यंत जातो त्याच्या दोन पावलं पुढे आणि मागे राखेची रेघ मारा. थांबलेल्याने रेघेबाहेर उभं राहून पंचवीस झोके मोठ्याने मोजायचे. मोजणारा जागचा हलत नाही.

आखाजीचे दोन-तीन दिवस घरोघर पत्त्यांचे डाव बसतात आणि पुरुषमाणसं डोकं वर काढत नाहीत. त्या दिवसांत पोरांवर लक्ष कोणाचं, ते नाव घेऊन ठरवा. ‘सगळेच आहेत की घरात’ म्हणजे कोणीच नाही.

शेततळं, विहीर, नदी

तापी, गिरणा उन्हाळ्यात उथळ दिसतात, पण वाळू उपशाच्या खड्ड्यात दोन पावलांत पाणी डोक्यावर जातं. त्याहून वाईट शेततळं. त्याच्या उतारावर प्लास्टिकचा कागद असतो, ओला झाला की शेवाळ धरतो, आणि पोहता येणारा मोठा माणूसही त्यावरून वर चढू शकत नाही. शेतावर पोरं न्यायची असतील तर तळ्याला कुंपण हवं, आणि काठावर दोन ठिकाणी खुंटीला बांधलेला गाठी मारलेला दोर कायम पाण्यात सोडलेला हवा. ट्रॅक्टरची हवा भरलेली ट्यूब जवळ ठेवा. कोणी पडलं तर उडी नको, दोर आणि ट्यूब टाका.

पोहायला शिकवताना एका न येणाऱ्या पोरामागे एक मोठा माणूस, तोही हाताच्या अंतरावर. जुळे आहेत आणि माणूस एकच असेल तर एक आज शिकेल, दुसरा उद्या, आणि त्या वेळात दुसरा पाण्याजवळ नसून घरी असेल. बाहेर काढलेला पोर श्वास घेत नसेल तर उलटं टांगून पोटातलं पाणी काढत बसू नका. तोंडाने पाच श्वास द्या, मग छातीवर तीस दाब, दोन श्वास, असं १०८ येईपर्यंत.

गच्चीवर झोप

दिवस मावळल्यावर गच्चीवर पाणी मारा आणि तास-दीड तासाने अंथरूण टाका. लगेच टाकलं की खालून वाफ लागते. कठडा साडेतीन फुटांहून कमी असेल तर लहानांना वर झोपवू नका. खाट कठड्याला लावायची नाही, ती पोरांची पायरी होते. मोठी माणसं कडेला, पोरं मधे, आणि जिन्याच्या तोंडाशी सर्वांत सावध झोप असलेला माणूस. झोपेत लघवीला उठणारा कोण ते ठाऊक असतं, त्याला जिन्याच्या बाजूला घ्या आणि जिन्यात रात्रभर दिवा ठेवा.

दिवसा वर ठेवलेल्या गादीच्या घडीत विंचू शिरतो. अंथरूण टाकताना प्रत्येक घडी झटका, बुटातही बघा. विंचू चावल्यावर घाम फुटला, उलटी झाली, हातपाय गार पडले तर घरी थांबू नका, थेट दवाखाना. मच्छरदाणीची कड गादीखाली खोचा. सकाळी साडेपाचला सगळ्यांना उठवून अंथरूण खाली आणा. पहिल्याच्या हातात उशा, बाकीच्यांच्या हातात ज्याची त्याची चादर.