नोकरी सांभाळून लांबचा मोटारप्रवास कसा आखावा

नोकरी करणाऱ्या माणसाला लांबच्या मोटारप्रवासात सर्वांत जास्त टंचाई भासते ती वेळेची. रजा मोजकी असते, कामावर रुजू होण्याचा दिवस ठरलेला असतो आणि त्या दोन टोकांमध्ये शक्य तितके अंतर कोंबण्याचा मोह अनावर होतो. प्रवासातले बहुतेक धोके याच मोहातून जन्म घेतात, असे माझे ठाम मत आहे. गाडीची निवड, टायर, ब्रेक यांविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे. परंतु चालकाची झोप आणि त्याच्या हाती असलेले तास यांचा हिशेब चुकला, तर उत्तम गाडीही त्याची भरपाई करू शकत नाही. म्हणून आखणीची सुरुवात तिथूनच करावी.

प्रवासाचा आराखडा परतीच्या दिवसापासून मागे आखत यावे. कामावर सोमवारी जायचे असेल, तर रविवारी दुपारपर्यंत घरी पोहोचायचे असे आधी निश्चित करावे, त्यानुसार परतीच्या रस्त्याला लागणारे तास वजा करावेत, आणि उरलेल्या वेळात जितके दूर जाता येईल तेवढेच ठिकाण निवडावे. आधी ठिकाण ठरवून मग त्यात दिवस बसवण्याची पद्धत उलटी आहे, कारण तिच्यात कमी पडलेला प्रत्येक तास शेवटी रात्रीच्या झोपेतून काढला जातो. तास मोजतानाही नकाशावरचे अनुप्रयोग दाखवतात तो वेळ जसाच्या तसा धरू नये. त्या आकड्यात इंधन भरणे, जेवण, पाय मोकळे करणे आणि वाट चुकणे यांचा समावेश नसतो. त्यामुळे मी त्यात नेहमी निदान एक चतुर्थांश वेळ मिळवतो.

शुक्रवारी काम संपताच गाडी काढून रात्रभर चालवण्याची सवय अनेकांना असते, आणि तिला माझा पूर्ण विरोध आहे. सलग १७ तास जागे राहिलेल्या माणसाची प्रतिक्रिया देण्याची क्षमता रक्तात ०.०५ टक्के मद्यार्क असलेल्या माणसाइतकी खालावलेली असते, हे १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. सकाळी ६ वाजता उठलेला माणूस रात्री ११ वाजता नेमक्या त्या अवस्थेत असतो, आणि त्यात दिवसभराच्या कामाचा शीण वेगळाच. शिवाय पहाटे २ ते ६ या वेळेत शरीराचे नैसर्गिक चक्रच झोपेकडे ओढत असते. ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे २८ मीटर कापते. म्हणजे चार सेकंदांच्या डुलकीत ती शंभर मीटरहून अधिक अंतर चालकाविना धावते. शुक्रवारी रात्री सामान भरून वेळेवर झोपावे आणि शनिवारी उजाडता उजाडता निघावे. रस्ता मोकळा मिळतो, प्रकाश वाढत जातो, आणि रात्री निघालेल्या माणसाच्या तुलनेत वाया गेलेले तास फारच थोडे असतात.

वेग वाढवून वेळ वाचवण्याचा हिशेबही एकदा कागदावर मांडून पाहावा. ३०० किलोमीटरचे अंतर ताशी १०० च्या सरासरीने तीन तासांत पार होते, तर ताशी १२० च्या सरासरीने अडीच तासांत. या अर्ध्या तासासाठी हवेचा विरोध ४४ टक्क्यांनी वाढतो, कारण तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. गाडीची गतिज ऊर्जाही त्याच प्रमाणात वाढते आणि ब्रेकना ती सगळी जिरवावी लागते. प्रत्यक्षात तर सरासरी २० ने वाढवायची म्हणजे मोकळ्या रस्त्यावर त्याहून कितीतरी अधिक वेगाने पळावे लागते. तोच अर्धा तास सकाळी लवकर निघून सहज मिळवता येतो.

आता गाडीकडे वळू. सर्व्हिसिंग प्रवासाच्या आदल्या दिवशी करू नये. दोन आठवडे आधी करून घ्यावे आणि मधल्या काळात गाडी रोजच्या वापरात ठेवावी. सैल राहिलेला पाइप, नीट न बसलेले झाकण किंवा ठिबकणारे तेल यांसारखे दोष पहिल्या काही दिवसांतच उघडे पडतात, आणि ते घराजवळ उघडे पडलेले बरे. चाके काढून पुन्हा बसवली असतील, तर साधारण ८० ते १०० किलोमीटर चालल्यावर त्यांचे नट पुन्हा एकदा ठरलेल्या जोराने आवळून घ्यावेत. ही गोष्ट फार थोडे लोक करतात.

सर्वाधिक लक्ष टायरना द्यावे. गाडीचे इंजिन कितीही ताकदीचे असो, रस्त्याशी तिचा संबंध येतो तो तळहाताएवढ्या चार ठिपक्यांपुरताच, आणि वळणे, थांबणे, सावरणे हे सारे त्या ठिपक्यांवर अवलंबून असते. चांगले ध्वनिक्षेपक किंवा मोठी मिश्रधातूची चाके घेण्याआधी तोच पैसा उत्तम टायरवर खर्च करावा, हे मत मी कोणापुढेही मांडायला तयार असतो. टायरच्या बाजूवर ‘डॉट’ या अक्षरांनी सुरू होणारी खूण असते आणि तिच्या शेवटी चार अंक असतात; त्यांतले पहिले दोन निर्मितीचा आठवडा व नंतरचे दोन वर्ष दाखवतात. ‘३५२३’ असे असेल, तर टायर २०२३ च्या पस्तिसाव्या आठवड्यात तयार झाला. नक्षी शाबूत दिसली तरी जुन्या टायरचे रबर कडक होते आणि ओल्या रस्त्यावरची पकड कमी होते. खाचांची खोली १.६ मिलिमीटरवर आली की झीजदर्शक पट्ट्या पृष्ठभागाशी समतल होतात आणि अनेक देशांत तीच कायदेशीर किमान मर्यादा आहे. परंतु पावसातल्या लांबच्या प्रवासाला ३ मिलिमीटरपेक्षा कमी खाचांनिशी निघू नये, कारण तेवढ्या खाचांतून पाणी पुरेसे बाहेर फेकले जात नाही आणि टायर पाण्याच्या थरावर तरंगू लागतो.

हवेचा दाब टायर थंड असतानाच मोजावा. योग्य दाब टायरच्या बाजूवर लिहिलेला नसतो. तिथे असतो तो कमाल दाब. गाडीसाठी ठरवलेला आकडा बहुधा चालकाच्या दाराच्या खांबावरील पट्टीवर किंवा इंधनटाकीच्या झाकणामागे असतो, आणि पूर्ण भरलेल्या गाडीसाठी तिथे वेगळा, जास्त आकडा दिलेला असतो. चार माणसे आणि डिकीभर सामान घेऊन निघताना तो दुसरा आकडा पाळावा. तापमान १० अंश सेल्सिअसने बदलले की दाब सुमारे दीड पीएसआयने बदलतो. त्यामुळे तास-दोन तास चालवल्यानंतर दाब वाढलेला दिसणे स्वाभाविक आहे आणि तो पाहून हवा कमी करणे घातक आहे. कमी हवेच्या टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकते, त्यातून उष्णता साठत जाते, आणि भरधाव वेगात टायर फुटण्यामागे हे मोठे कारण असते. स्टेपनीतली हवाही त्याच वेळी पाहावी. स्टेपनी अरुंद, तात्पुरत्या वापराची असेल, तर तिच्यावर सहसा ताशी ८० किलोमीटरची मर्यादा छापलेली असते आणि ती काटेकोरपणे पाळावी.

ब्रेकच्या बाबतीत पॅड पाहिले जातात, पण ब्रेक ऑइलकडे दुर्लक्ष होते. हे द्रव हवेतला ओलावा शोषून घेते आणि ओलाव्याबरोबर त्याचा उत्कलनबिंदू घसरतो. ‘डॉट ४’ प्रकारच्या ताज्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, तर ओलावा शोषलेल्या स्थितीसाठी हीच किमान मर्यादा १५५ अंश आहे. लांब घाट उतरताना सतत ब्रेक दाबला की उष्णता द्रवापर्यंत पोहोचते, त्यात वाफेचे बुडबुडे तयार होतात, आणि बुडबुडे दाबले जात असल्यामुळे पायाखालचे पेडल थेट तळाशी जाते. यावर दोन उपाय आहेत: निर्मात्याने सांगितलेल्या मुदतीत, म्हणजे बहुतेक गाड्यांत दर दोन वर्षांनी, द्रव बदलणे, आणि घाट उतरताना सुरुवातीलाच खालचा गिअर टाकून वेगावर इंजिनाचा लगाम ठेवणे. स्वयंचलित गिअरच्या गाडीतही खालचा गिअर निवडण्याची सोय असते. ती कुठे आहे हे निघण्यापूर्वी सपाट रस्त्यावर शिकून घ्यावे. उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडून इंधन वाचवण्याचा प्रकार कधीही करू नये. आधुनिक इंजिनात गिअरमध्ये असताना पाय उचलला की इंधनाचा पुरवठा तसाही बंद होतो, त्यामुळे त्या धोक्यातून काहीच पदरात पडत नाही.

उरलेली तपासणी थोडक्यात आटोपते. इंजिन ऑइल सपाट जागेवर, इंजिन बंद करून काही मिनिटांनी पाहावे. कूलंटची पातळी गाडी थंड असताना पाहावी आणि तापलेल्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. उभ्या गाडीच्या चांगल्या भारित बॅटरीत सुमारे १२.६ व्होल्ट दिसतात. वायपरचे रबर, सगळे दिवे, काचेवर फवारायचे पाणी आणि जॅक-पाना जागेवर असल्याची खात्री, इतके केले की पुरे.

चालकाची बैठक मात्र घाईने उरकण्याची बाब नव्हे, कारण सहा तासांच्या प्रवासात पाठीची दशा तीच ठरवते. कंबर आसनाला पूर्ण टेकवून क्लच किंवा ब्रेक तळापर्यंत दाबला, तरी गुडघ्यात थोडा बाक राहायला हवा. खांदे पाठीला टेकलेले असताना हात पुढे केला की मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर सहज पडावे, आणि छाती व स्टिअरिंग यांत किमान २५ सेंटिमीटर अंतर असावे, म्हणजे एअरबॅगला उघडायला जागा मिळते. डोक्यामागच्या आधाराची वरची कड डोक्याच्या माथ्याच्या उंचीला आणावी. पट्ट्याचा खालचा भाग पोटावरून न जाता नितंबाच्या हाडांवरून जावा. १९५९ साली व्होल्वोचे अभियंते निल्स बोहलिन यांनी आजचा तीन-टोकी पट्टा साकारला आणि कंपनीने त्याचे पेटंट सर्व निर्मात्यांना खुले केले. मोटारीच्या इतिहासात याहून उदार निर्णय मला माहीत नाही, आणि मागच्या आसनावरील माणसांनी पट्टा न लावणे मला म्हणूनच फार खटकते.

सामान भरताना जड वस्तू डिकीच्या तळाशी, मागील आसनाच्या पाठीला चिकटवून ठेवाव्यात. मागच्या काचेपुढे सुटी वस्तू ठेवू नये, आणि गाडी मागून दबली असेल तर हेडलाइटचा झोत खाली करून घ्यावा, नाही तर समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात.

रस्त्यावर असताना दर दोन तासांनी थांबावे, थकवा जाणवो वा न जाणवो. कारण थकव्याची जाणीव होते तेव्हा लक्ष आधीच ढळलेले असते. मागचे काही किलोमीटर आठवत नाहीत, पट्टेरी रेषेवर चाक वारंवार जाते किंवा वेग आपोआप कमीजास्त होतो, ही झोपेची लक्षणे आहेत. काच खाली करणे किंवा गाण्यांचा आवाज वाढवणे यांनी झोप जात नाही. सुरक्षित जागी गाडी लावून कॉफी प्यावी आणि लगेच १५ ते २० मिनिटे झोपावे. कॅफीनचा परिणाम सुरू व्हायला साधारण तेवढाच वेळ लागतो, त्यामुळे जाग येते तेव्हा दोन्हींचा लाभ एकत्र मिळतो. दुपारी २ ते ४ या वेळेतही सुस्ती येते; जेवणाचा थांबा आणि चालक बदलण्याची वेळ त्यानुसार ठरवावी.

कामाचे फोन हा नोकरदार प्रवाशाचा खास धोका आहे. हात मोकळे राहतील अशी सोय असली तरी मन संभाषणातच गुंतते, आणि कार्यालयीन संभाषण तर निर्णय मागते. निघण्यापूर्वी सहकाऱ्यांना उत्तर कोणत्या थांब्यावर मिळेल ते कळवावे आणि चालवताना फोन शांत ठेवावा. बैठकीला हजर राहणे अपरिहार्य असेल, तर तेवढा वेळ थांबा आखावा किंवा दुसऱ्याला चालवू द्यावे.

विजेवरच्या गाडीने प्रवास करताना हे थांबे आपोआप शिस्तीत बसतात, आणि या कारणासाठी मला ती लांबच्या प्रवासाला अयोग्य वाटत नाही. बॅटरी ८० टक्क्यांच्या पुढे गेली की जलद चार्जिंगचा वेग बराच मंदावतो. त्यामुळे एकदाच पूर्ण भरण्याऐवजी २० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान दोनदा भरणे वेळेच्या दृष्टीने फायद्याचे ठरते. वेग आणि कडाक्याची थंडी या दोन्हींनी पल्ला घटतो, म्हणून प्रत्येक टप्प्यासाठी पर्यायी चार्जिंग केंद्र आधीच हेरून ठेवावे.

यातूनच गाडी कोणती घ्यावी, या प्रश्नाचे माझे उत्तर निघते. वर्षातून एक-दोनदा होणाऱ्या प्रवासासाठी अवजड गाडी घेऊन ती उरलेले दिवस कामाच्या रस्त्यावर ओढत बसू नये. रोजच्या वापराला साजेशी गाडी घ्यावी आणि मोठ्या सहलीला गरज पडल्यास मोठी गाडी भाड्याने घ्यावी. रोजचे अंतर अगदी थोडे असेल, तर डिझेल टाळावे. अशा वापरात इंजिन पूर्ण तापत नाही आणि धुरातली काजळी अडवणारी गाळणी स्वतःला जाळून साफ करू शकत नाही, त्यामुळे ती तुंबत जाते. खरेदीपूर्वी चाचणीफेरी दहा मिनिटांत संपवू नये. किमान तासभर आसनावर बसून पाहावे, कारण प्रवेगाचे आकडे माहितीपत्रकात वाचता येतात, पण आसन आपल्या पाठीला मानवते का, हे वाचून कळत नाही.

घरी परतल्यावर संध्याकाळ मोकळी ठेवावी आणि लवकर झोपावे. गाडीचे काम दुसऱ्या दिवसावर ढकलले तरी चालते. टपावरचे कॅरिअर काढून ठेवावे, कारण रिकामे असले तरी ते इंधन खाते. टायर थंड असताना दाब पुन्हा रोजच्या भाराच्या आकड्यावर आणावा, खाचांत अडकलेले खडे व खिळे पाहावेत, आणि प्रवासात ऐकू आलेला नवा आवाज, एका बाजूला ओढणारे स्टिअरिंग किंवा ब्रेक दाबताना जाणवलेली थरथर तारीख व किलोमीटरसह वहीत नोंदवून पुढच्या सर्व्हिसिंगच्या वेळी मेकॅनिकच्या हाती द्यावी.